देवमाशाचा पाहुणा आष्टीत

आमच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचं काम माझ्याकडे आहे. "चावून खा, माझ्यासमोर खा, तोंड उघडून दाखव," हे मी एका दमात म्हणते आणि मुलं निमूटपणे तोंड उघडतात. मग नखं कापणं, हात धुणं, अनवाणी न फिरणं यावर माझं भाषण होतं. मुलांनाच काय, शाळेच्या शिपायालाही ते पाठ झालं आहे. अशा बाईच्या पोटात गेल्या हिवाळ्यात जंत निघाला. तोही आपल्याकडचा नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पोटात ज्याचा संसार चालतो, तो.

आष्टीपासून समुद्र किती लांब आहे ते मी दरवर्षी मुलांना नकाशावर दाखवते. त्यामुळे बातमी गावात पोचली तेव्हा लोकांनी तिचं आपापल्या परीने काय काय केलं. कुणी म्हणालं बाईंच्या पोटात मासा निघाला, कुणी म्हणालं साप. पण एक वाक्य सगळ्यांच्या बोलण्यात होतं, की सुनेनं काहीतरी खाऊ घातलं. मी लिहायला बसले ती मुख्यतः त्या वाक्यासाठी. दुसरं कारण असं की बर्फातली समुद्राची मासळी आता आपल्या बाजारांतही दिसू लागली आहे आणि आपल्या हाताला तिची सवय नाही. माझं पोट दुखलं, तुमचं दुखू नये.

सून आणि तिचा डबा

मेघना आमची सून. देवगडकडची. बँकेत लागली आणि पहिलीच नेमणूक परतूरला झाली. तिथे माझ्या मुलाचं, प्रशांतचं, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. खात्याच्या कामासाठी तो बँकेत जायचा. पुढे काम नसतानाही जायला लागला, तेव्हा मला काय ते कळलं.

पोरगी गुणी. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी आमच्या घरात पाहुणी असल्यासारखी वावरायची. डब्यातली साखर घेतानाही विचारायची. जेवताना भाजी-भाकरी खाऊन उठायची आणि तिच्या आईचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची. मला ते सगळं दिसायचं, काय करावं ते मात्र सुचायचं नाही.

आमच्याकडे मटण-मासळी चालते, पण शेतात. घरातल्या चुलीवर चढत नाही आणि गॅसवरही नाही. विहिरीजवळ तीन दगड मांडलेले आहेत. तिथेच शिजवायचं, तिथेच खायचं, भांडी घासून तिथल्याच खोपीत ठेवायची. हा माझ्या सासूबाईंचा नियम. सासूबाई गेल्या, नियम राहिला. दुधनेच्या धरणातला रोहू नाहीतर मरळ आम्ही असाच खात आलो.

संक्रांतीच्या सुमारास मेघनाच्या आईने लेकीसाठी बांगडे पाठवले. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात मासे, बसने आलेले. डबा उघडला तेव्हा मेघनाचा चेहरा असा फुलला की मी तो पहिल्यांदाच पाहिला. "आई, तव्यावर रवा लावून..." इतकं बोलली आणि थांबली. नियम आठवला असणार. मलाही आठवला.

तोड आमच्या यांनी काढली. "उद्या हुरड्याला चाललोतच की शेतात. मासे बी घ्या संगं. आगटीत टाकू."

आगटीचे मास्तर

हुरडा भाजावा तर आमच्या यांनी. सगळीकडे कापूस आणि सोयाबीन झालं तरी घरापुरता हुरड्याच्या ज्वारीचा एक तुकडा हे दरवर्षी पेरतातच. गोवऱ्यांचा विस्तव, म्हणजे आगटी, करायची, निखाऱ्यावर राख धरली की कणसं आत खुपसायची आणि नेमक्या वेळी काढायची. जरा जास्त राहिलं की दाणा कडक. यांचा हात कधी चुकत नाही. तळहातावर चोळून दिलेला तो हिरवा, मऊ, ऊन ऊन हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला की माणूस यांना कुठलीही गोष्ट माफ करतो. मीही करत आले आहे.

त्या दिवशी बांगड्यांना हळद, तिखट, मीठ आणि लिंबू लावलं. मेघनाने ते पळसाच्या पानांत गुंडाळले आणि यांनी राखेत सारले. पानं काळी पडली तसे हे काठी घेऊन पुढे सरसावले.

"दादा, अजून थोडं राहू द्या," मेघना हळूच म्हणाली.

"पोरी, आगटीचं मला शिकवून राह्यली का? जास्त भाजलं की मजा गेली. कवळंच खावं लागतं."

सगळ्यात मोठा बांगडा तिने स्वतःच्या हाताने माझ्या पानात वाढला. बाहेरून खरपूस होता. पाठीच्या काट्याजवळ मात्र मांस काचेसारखं, गुलाबीसर. मला ते दिसलं. पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. सासूला तिच्या माहेरचं आवडतं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. "फार चांगला झालाय," मी म्हणाले आणि काट्यापर्यंत सगळा खाल्ला. बाकीच्यांच्या वाट्याला लहान बांगडे आले, ते आतपर्यंत भाजले गेले होते.

दुखणं

दिवेलागणीला पोटात, बरगड्यांच्या खाली मधोमध, कुणीतरी सुई टोचल्यासारखं झालं. मग पिळवटून आलं. उलटीत सगळा हुरडा पडला, दुखणं काही पडलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. सकाळी बरं वाटलं, दुपारी परत तेच. दुखणं यायचं, जायचं, पुन्हा यायचं. मी वर्गात फळ्याला टेकून शिकवू लागले. मुलांची चंगळ झाली, कारण बाई ओरडत नव्हत्या.

परतूरहून आमच्या नणंदबाई आल्या. आक्का. मायेची बाई, पण जिभेला हाड नाही. माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "वैनी, समुद्राकडचं खाणं आपल्याला पचत न्हाई. पोरीनं काय खाऊ घातलं, काय माहीत." मेघना तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने चहा ठेवला, आक्कांना बिस्किटं दिली आणि आत गेली.

आठवडा उलटला तरी उतार पडेना, तेव्हा प्रशांत मला जालन्याला घेऊन गेला. तिथे सोनोग्राफी झाली. जठराची भिंत एका जागी बरीच सुजली आहे, गाठीसारखं वाटतं आहे, दुर्बीण घालून बघावं लागेल, असं सांगितलं.

गाठ. माझी आई पोटाच्या गाठीने गेली. त्यामुळे हा शब्द मी इतरांपेक्षा जरा नीट ऐकला. मला ॲडमिट केलं आणि पलंगावर टेकल्या टेकल्या मी सूचना द्यायला लागले. लोणच्याच्या बरण्या कुठे आहेत, बियाण्याचा लसूण कुठे बांधला आहे, दूधवाल्याला किती सांगायचं. प्रशांत म्हणाला, "आई, जरा गप बसती का?" आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती आमच्या यांची. मला चिडवल्याशिवाय ज्या माणसाचा दिवस जात नाही, तो एक शब्द बोलत नव्हता. हे राजूरच्या गणपतीला जाऊन आले, प्रसाद माझ्या उशाखाली ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले.

वॉर्डात

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो. झाडू, फिनेल, ताप बघणारी सिस्टर, मग सलाईन. मला उपाशी ठेवलेलं, आणि शेजारच्या खाटेवर घरून वरण-भाताचा डबा यायचा. त्या वासाने मला रडू यायचं. मोठ्या भीतीला रडू आलं नाही, वरणाला आलं.

मेघनाने बँकेतून रजा काढली होती. रोज सकाळी ती माझे केस विंचरायची आणि घट्ट वेणी घालायची. हाताला सुई असल्यामुळे मला ते जमत नव्हतं. लहानपणानंतर माझी वेणी कुणी घातली नव्हती. पाठीमागे तिची बोटं चालायची तेवढा वेळ मी गाठ विसरायचे.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी वेणी घालताना ती म्हणाली, "आई, तुम्ही बऱ्या झालात की मी कोकणात बदली मागणार आहे."

"अन् प्रशांत?"

"त्याला यायचं तर येईल. दुकान सोडून कसा येईल, तेही मला कळतं." तिने वेणीला रबर लावलं. "आत्याबाई बोलल्या त्याचं मला काही नाही. पण कालपासून तोही बोलत नाही माझ्याशी. आणि मासा तर माझ्याच हातून गेला ना तुमच्या पोटात."

मला तिला सांगायचं होतं की मी तो माझ्या डोळ्यांनी बघून खाल्ला. पण तेवढ्यात कळ आली आणि बोलणं राहून गेलं. त्या दिवशी मला दोन गोष्टींची भीती होती. एक गाठीची, आणि दुसरी ही पोरगी जाईल याची. आजारी माणसाला एकच भीती असते असं ज्यांना वाटतं, ते कधी आजारी पडलेले नसतात.

दुर्बीण

घशात एक कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांत प्लास्टिकचं कडं देतात. नळी आत जाताना उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येतं. वाईट असतं, पण बाळंतपण झालेल्या बाईला त्याचं फार कौतुक सांगू नये. नाकाने सावकाश श्वास घ्या, खांदे सैल सोडा, एवढं केलं की निभतं.

डॉक्टर तरुण होते, भोकरदनकडचे. पडद्याकडे बघत असताना ते एकदम थांबले. मग म्हणाले, "सिस्टर, चिमटा द्या." मला वाटलं, झालं, तुकडा काढतायत तपासायला. आत काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि खरं सांगते, तो आठवडाभर रुतून बसलेला काटा निघाल्यासारखं वाटलं.

नळी काढल्यावर डॉक्टरांनी माझ्यासमोर एक छोटी बाटली धरली. पाण्यात पांढरा, दोऱ्यासारखा बारीक, माझ्या करंगळीच्या एका पेराएवढा एक जीव होता. वळवळत होता.

"बाई, हा तुमच्या जठरात तोंड खुपसून बसला होता. त्याच्यामुळंच ती सूज. गाठ मला दिसत न्हाई. तरी तुकडा तपासायला पाठवतो."

माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मी तर नखं कापते हो."

मासा कुणी भाजला

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा आम्ही सगळे होतो. हे, प्रशांत, मेघना आणि आक्काही. डॉक्टरांनी त्यांच्या सरांना जंताचा फोटो पाठवला होता आणि सरांनी ओळखला होता.

"हा समुद्रातला जंत आहे," ते म्हणाले. "देवमासा, डॉल्फिन यांच्या जठरात हा मोठा होतो, तिथंच अंडी घालतो. अंडी समुद्रात पडतात. बारीक कोळंबीसारखे जीव त्यांतल्या पिल्लांना खातात, त्या जीवांना मासे खातात, अन् मासा देवमाशाच्या पोटात गेला की हा परत घरी पोचतो. माणसाच्या पोटात आला तर चुकून आला. तिथं तो वाढत न्हाई, पण जाईपर्यंत त्रास देतो. समुद्राचा मासा खाल्ला होता का?"

आक्कांनी मेघनाकडे बघितलं. "हिच्या माहेरून आल्ता."

"माशात असतोच कधी कधी, त्यात पाठवणाऱ्याचा काय दोष? बराबर शिजवला की मरतो. बर्फात मरत न्हाई, लिंबू-मिठानं बी मरत न्हाई. मासा शिजवला कसा होता?"

मेघना खाली बघत होती. ती सांगू शकत होती, दादा, अजून थोडं राहू द्या असं मी म्हणाले होते. ती बोलली नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे स्टुलावरून उठले.

"मी भाजला. आगटीत. हुरड्यावानी."

"म्हणजे कवळा?"

"कवळा. ही पोरगी म्हणत होती राहू द्या म्हणून. म्याच काढला जल्दी." मग मेघनाकडे वळून म्हणाले, "तुझी बिलकुल चुकी न्हाई, पोरी. माझ्या हाताला हुरड्याचंच वळण."

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "दादा, आमच्या भोकरदनला बी हुरडा कवळाच खातात. पण मासा कवळा न्हाई चालत. मधलं मांस पांढरं पडून काट्यापासून सुटलं पाहिजे."

प्रशांतने मेघनाकडे बघितलं आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन भरायला गेला. त्याची माफी मागायची पद्धत तेवढीच आहे. आक्का पदराने खाटेची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, चहा पिऊन येऊ चल खाली." आक्कांच्या तोंडून यापेक्षा जास्त काही निघत नसतं.

सगळे पांगल्यावर हे माझ्या कानाशी आले. "एक सांगू का? त्या जंताची बी चुकी न्हाई. आत आल्यावर त्याला वाटलं असंल, देवमाशाचंच पोट हाय."

माझ्या वजनावरून हे गेली पंचवीस-तीस वर्षं बोलतात आणि मी तितकीच वर्षं रागावते. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की टाके असते तर तुटले असते. माणूस परत बोलायला लागला होता.

तुकड्याचा रिपोर्ट आला. फक्त सूज, बाकी काही नाही. मी प्रसादाचा पेढा तेव्हा खाल्ला.

घरी

थोड्या दिवसांत अंगात ताकद आली. शाळा सुरू झाली, ओरडणं सुरू झालं. विज्ञानाच्या तासाला 'देवमासा हा मासा नाही' हा धडा मी असा रंगवून शिकवला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या जंताचा मला राग नाही. मोठा प्रवास करून आला बिचारा आणि चुकीच्या दारात उतरला.

पण मेघनाचं काही बदललं नव्हतं. घरात सगळे तिच्याशी जपून बोलत होते, आणि ते तर आणखी वाईट. तिने आईला पुन्हा मासे पाठवू नकोस असं सांगून टाकलं होतं. बदलीचं ती बोलत नव्हती आणि मीही विचारत नव्हते. गच्चीवरचे फोन तेवढे लांबले होते.

पुन्हा तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "मासा खाऊ का?" या जंताची ॲलर्जी राहिली का ते बघायला त्यांनी रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं, "पूर्ण शिजलेला खा. आधी थोडा खाऊन बघा. अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर लगेच इकडं या." मी घरी आले आणि मेघनाच्या आईला स्वतः फोन लावला. "विहीणबाई, बांगडे पाठवा." मग त्या म्हणाल्या, "खरंच पाठवू?"

डबा आला तो मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. हे बाहेरून म्हणाले, "गोवऱ्या घेऊ का संगं?"

"काही नको. शेतात जायचं नाही."

मेघना दारात थांबली. मी भाकरीचा तवा काढला. माझा रोजचा, लोखंडी, सासूबाईंनी हातात दिलेला. तो गॅसवर ठेवला आणि उलथनं तिच्यापुढे धरलं.

"आई, हा तवा नको. वास राहील त्याला."

"राहू दे. आपल्यालाच खायचंय त्यावरचं."

तिने बराच वेळ उलथनं घेतलं नाही. मग घेतलं. रवा लावला, तेल सोडलं आणि त्या घरात कधी न ऐकलेला चुर्र असा आवाज झाला. वास पार ओसरीपर्यंत गेला. सासूबाईंच्या फोटोकडे मी मुद्दाम बघितलं. त्या नेहमीसारख्याच बघत होत्या.

हे आत डोकावले. "झाले का?"

"अजून थोडं राहू द्या, दादा," मेघना तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

"बरं," असं म्हणून हे पाटावर जाऊन बसले. त्या घरात मी आल्यापासून त्यांनी चुलीच्या बाबतीत कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं.

बांगडा उलटता उलटता ती म्हणाली, "बदलीचं मी बँकेत अजून काही बोललेले नाहीये, आई. बोलणारही नाही." मी हातातलं पीठ मळत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते. नंतर वर बघितलंच, आणि रडले.

पहिल्यांदा बोराएवढा तुकडा खाल्ला, डॉक्टरांच्या शब्दाला मान म्हणून. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. काही झालं नाही. रात्रीच्या जेवणाला मेघनाने उरलेले बांगडे गरम केले आणि कुणाला कोणता वाढावा म्हणून माझ्याकडे बघितलं. मांस पांढरं होतं, काट्यापासून सुटलेलं. मी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "सगळ्यात मोठा मला."